ना शिपाई, ना घरचा

मुलगा फौजेत गेला की बापाने कसे वागावे, हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेले आहे. गावात पेढे वाटावेत, छाती पुढे काढून चालावे आणि काळजी मनातल्या मनात ठेवावी. मुलगा रणात पडला तर कसे वागावे, हेही आपल्याला सांगून ठेवलेले आहे. पण मुलगा भरती झाला, प्रशिक्षणातच त्याचा गुडघा निकामी झाला, तो फौजेच्या कामाचा नाही असे ठरले, आणि तरीही त्याला घरी सोडले नाही, तर बापाने काय करावे, हे मात्र कोणत्या पोथीत लिहिलेले नाही.

आमच्या उमरीत असा एक बाप आहे. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी. वैद्यकीय मंडळ झाले, कागद वर गेले, ते अजून वरच आहेत. तो मला म्हणाला, "गुर्जी, ठिवून घ्या म्हणत नाही मी. पण एकदा नाही म्हणलं, मंग पाठवून तरी द्यावं की!"

हे बोलणे इतके सरळ आहे, की ऐकणाऱ्याला त्यात शंका घ्यावीशी वाटत नाही. तरीही ती घ्यावी लागते. नाव नोंदवले त्या दिवसापासून मुलगा १९५० च्या सैन्य कायद्याखाली येतो. परवानगीवाचून निघून आला तर तो गुन्हा ठरतो. १९५४ च्या नियमांनुसार, ज्याच्याकडून चांगला शिपाई घडण्याची आशा नाही अशा रिक्रूटला सोडून देता येते. म्हणजे लवकर सुटण्याची वाट आहे. पण 'कामाचा नाही' म्हणून सुटणे आणि 'कामात जखमी झाला' म्हणून सुटणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. इजा सेवेमुळे झाली की नाही, हे कागदावर नीट उतरले नाही, तर पुढे सारा जन्म त्या गुडघ्याचा भार घरानेच वाहायचा. बापाला घाई आहे. मुलाचे हित कदाचित विलंबात आहे.

घाईने केवढे नुकसान होते आणि नोंदीला किती मोल असते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि तिच्यासारख्या संस्थांत शिकताना जायबंदी होऊन १९८५ पासून सुमारे ५०० छात्र बाहेर पडले. त्यांची सुटका झाली, पण ते अधिकारी झालेले नव्हते म्हणून माजी सैनिकही ठरले नाहीत. निवृत्तिवेतन नाही, लष्करी दवाखाना नाही. होते ते अपंगत्वाच्या प्रमाणात दरमहा फार तर ४० हजार रुपयांपर्यंतचे सानुग्रह साहाय्य. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, तेव्हा कुठे माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांना खुली झाली.

मग विलंब हा गुणच मानायचा काय? नव्हे. डॉक्टर पट्टी बांधायला वेळ घेतो आणि डॉक्टर न सांगता निघून जातो, या दोन गोष्टी एक नव्हेत. कागद कुठे आहे, कशासाठी थांबला आहे, एवढे दोन ओळींचे पत्र बापाला मिळाले, तर तोच विलंब त्याला सोसता येतो. संस्थेने वेळ घ्यावा. पण ज्याने आपला मुलगा स्वखुशीने दिला, त्याला अंधारात ठेवण्याचा अधिकार तिला कोणत्याही कायद्याने मिळत नाही.

आणि वाचकहो, थोडे आपल्याकडेही पाहू. या बापाला निम्मी धास्ती फौजेची आहे, निम्मी गावाची. "पळून आला" हे दोन शब्द पारावर उच्चारायला कितीसा वेळ लागतो? दिवाळीला रजेवरचे जवान स्टेशनावर उतरतात, आपण त्यांना कौतुकाने न्याहाळतो. त्याच गाडीतून एखादा पोरगा वर्दीवाचून, लंगडत उतरला, तर त्याला 'का आलास' असे न विचारता 'आलास, बरे झाले' म्हणणे आपल्याला जमेल काय? त्यासाठी कोणत्याही वरिष्ठाची सही लागत नाही.