बरे वाटले म्हणून गोळी सोडावी काय?

फेफरे येणाऱ्या माणसाविषयी आपल्या सातारा-सांगलीकडे अजूनही दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, हे मागच्या जन्मीचे भोग. दुसरी, ही बाहेरची बाधा. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट नाकारला आहे. आणि बाधेचे म्हणाल, तर अपस्मार हा मेंदूचा विकार आहे. मेंदूतील विजेचे संदेश एकाएकी अनावर होतात, तेव्हा झटका येतो.

मग देवऋषी सोडला की काम संपले काय? नाही. घरात गोळ्या असतात, पण सहा महिने झटका आला नाही की त्या बंद होतात. “आता बरे आहे, मग औषध कशाला?” सवाल रास्त वाटतो, पण बरे आहे ते त्या गोळीमुळेच! औषध एकाएकी तोडले तर झटके परततात. कधी एकामागून एक येऊन जिवावर बेततात. योग्य व नियमित उपचाराने शंभरातील सुमारे ७० रोगी झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. निदान दोन वर्षे झटका आला नाही, तर औषध कमी करावे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे, आणि तेही हळूहळू.

दुसरे कारण लाजेचे. लग्न ठरले की मुलीच्या गोळ्या लपवल्या जातात. सासरी त्या उघडपणे घेता येत नाहीत, आणि मग एके दिवशी चुलीपाशी किंवा विहिरीवर झटका येतो. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहाच्या आड येत होते. ती अट १९९९ साली काढली गेली. कायद्याने पुसलेला डाग आपण का जपावा?

विनयपिटकाच्या महावग्गात शुश्रूषेस सोपा रोगी कोण, हे सांगितले आहे. जो आपला आजार खरा सांगतो आणि औषध घेतो, तो. शुश्रूषा करणाराने किळस मानू नये, हेही तिथेच आहे. म्हणजे गोळी घेणे हे एकट्या रोग्याचे कर्तव्य नव्हे. त्याला आजार खरा सांगता येईल असे घर ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. शील जसे रोज पाळायचे, तशीच गोळीही रोज, ठरल्या वेळी आणि सर्वांदेखत घ्यायची.