पाप कोणाच्या माथी?

वसईच्या पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्ग तुंगारेश्वरच्या डोंगराजवळून जातो. हे वन २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच्या कडेने मालमोटारींची रांग रात्रंदिवस चालू असते. रस्त्याकाठच्या पानांवर बसलेली धूळ सर्वांनाच दिसते. ती प्रकाश अडविते, पर्णरंध्रे बुजविते. मात्र खरी हानी डोळ्यांना दिसत नाही.

इंजिनाच्या उष्णतेत हवेतील नायट्रोजन व प्राणवायू यांचा संयोग होतो आणि तो धुरावाटे बाहेर पडून शेवटी मातीत उतरतो. नायट्रोजन म्हणजे खतच! मग वनाचे नुकसान ते काय? नुकसान असे की, या आयत्या खतावर दांडगे गवत व तण माजतात आणि निकस जमिनीत संयमाने जगणाऱ्या वनस्पती मागे रेटल्या जातात. आपल्या गृहिणी मसाल्यात जे दगडफूल घालतात, त्या जातकुळीला तर मुळेच नसतात. हवेतून येईल ते तिला निमूटपणे शोषून घ्यावे लागते. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील दगडफुले पाहून नायलँडर या शास्त्रज्ञाने १८६६ सालीच त्यांना हवेच्या शुद्धतेचे मोजमाप ठरविले होते.

आता प्रश्न नीतीचा. सेमिनरीत आम्हांस शिकविले होते की, गंभीर पापास गंभीर बाब, पूर्ण जाणीव व पूर्ण संमती लागते. पहाटे दुधाचा टेम्पो हाकणाऱ्याच्या ठायी यांपैकी काय आहे? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली सामाजिक पापाची फोड केली, ती अनेक व्यक्तिगत पापांचा संचय अशी. परंतु टेम्पोवाल्याचे व्यक्तिगत पापच नाही, तर संचय कशाचा? शून्ये कितीही मिळविली तरी बेरीज शून्यच. इकडे वन तर झिजते आहे.

आम्हांस वाटते, तो वाटा शून्य नव्हे. तो केवळ न दिसण्याइतका लहान आहे. टेम्पोवाल्यास अन्य मार्ग नाही, म्हणून त्यास दोष देणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते. ज्यांना हे ठाऊक आहे, रेल्वेची सोय आहे, आणि तरीही जे एकेकटे मोटारीने जातात (पांढरपेशा भाविकांनी रागावू नये), त्यांची गोष्ट निराळी. रस्ता रुंद करताना वनाचा हिशेब न धरणाऱ्यांची तर त्याहून निराळी.

यंत्रावर भिस्त ठेवणारे म्हणतील, सुधारणा होतेच आहे. खरे आहे; २००० साली आपल्याकडे पेट्रोलमधील शिसे गेले. पण पेट्रोल मोटारीच्या धुराड्यातील ज्या उत्प्रेरकाने ऑक्साइडे घटतात, त्यातूनच थोडा अमोनिया बाहेर पडतो, आणि अमोनियातही नायट्रोजनच.

आषाढसरींनी पाने धुऊन निघतात, डोंगर हिरवागार दिसतो. धुतले गेलेले सारे तोवर मुळांशी पोहोचलेले असते.