फौजेचा पगार

बी.ए.ला असताना युरोपातल्या युद्धांच्या वहीत मी दोन शब्द लाल शाईने अधोरेखित केले होते: कवायत आणि बंदूक. परीक्षेपुरतं तेवढं पुरलं. पुढे तोच पेपर शिकवायची पाळी माझ्यावर आली आणि ते दोन शब्द अपुरे पडू लागले.

मूळ मांडणी मायकेल रॉबर्ट्स यांची. १९५५ साली बेलफास्टमधल्या व्याख्यानात त्यांनी १५६० ते १६६० या शतकात युरोपात ‘लष्करी क्रांती’ झाली असं म्हटलं. तिचा एक धागा १५९४च्या डिसेंबरातल्या एका पत्राशी पोचतो. डच सेनापती नासाऊच्या मॉरिसला त्याच्या चुलतभावाने, विलेम लोडेवाइकने, आकृती काढून कळवलं होतं: पहिल्या रांगेने बार काढून मागे जावं, ठासणी करावी, तोवर पुढची रांग बार काढेल. हे मी वर्गात वह्यांच्या सुरळ्या करून उभं करून पाहिलं. तीन रांगांत भागेना. ठासायला लागणारा वेळ मोजून धरला, तर पहिला मुलगा तयार होण्याआधीच पुढची जागा रिकामी पडायची. शेवटी दहा जण एकामागे एक उभे केले तेव्हा जमलं. मॉरिसच्या रांगाही जवळपास तेवढ्याच खोल असत.

जेफ्री पार्कर यांनी १९७६ साली ही क्रांती म्हणजे मिथक तर नव्हे ना, असं विचारलं आणि मग भर दिला तो तटांवर. तोफेपुढे टिकणारे, बुटके, जाड, टोकदार बुरुजांचे तट उठले आणि एकेका शहरासाठी महिनोन् महिने वेढे पडू लागले; ब्रेडा पडायला नऊ महिने लागले. फौजा फुगल्या त्या या वेढ्यांपायी. आपल्या गडांचे गोल बुरूज पाहिलेल्याला वसईच्या किल्ल्यात हा फरक चटकन दिसतो. पण १७३९ साली चिमाजीअप्पांनी सुरुंग लावून तीच वसई पोर्तुगीजांकडून घेतली. पार्कर वाचून तिथे गेलो तेव्हा मला भगदाडाचंच कौतुक जास्त वाटलं.

एवढ्या फुगलेल्या फौजेला पोसायचं कुणी? स्पेनच्या राजाने १५७५ साली सावकारांची देणी थांबवली. पुढच्याच वर्षी पगार थकलेल्या त्याच्याच शिपायांनी अँटवर्प लुटलं. जॉन ब्रूअर यांनी १९८९ साली इंग्लंडच्या ताकदीचा शोध अबकारी कर आणि सरकारी कर्जात घेतला, तेव्हा रणांगण सोडून खातेवहीकडे पाहायची मला सवय लागली. जरा रुक्ष, पण उपयोगी सवय.

मराठ्यांबद्दल मात्र तोवर मीही ‘गनिमी कावा सोडला म्हणून मराठे हरले’ हेच सांगत होतो. आसईच्या लढाईने ते खोडलं. २३ सप्टेंबर १८०३ला शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि गोलंदाजांनी इंग्रज सेनापती वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसं मारली किंवा जखमी केली. कवायतीत आता फारसं अंतर उरलं नव्हतं. रँडॉल्फ कूपर यांनी बोट ठेवलं ते लष्करी बाजारावर: शिपाई, बैल, धान्य आणि हे सगळं विकत घेणारा पैसा कुणाच्या हाती? शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना ईस्ट इंडिया कंपनीने जाहीरनामा काढून पोटगीची हमी दिली आणि ऐन लढाईच्या तोंडावर फळी फुटली.

त्याआधी, ३१ डिसेंबर १८०२ला, दुसऱ्या बाजीराव पेशव्याने कंपनीशी तह केला, तोही वसईतच. कंपनीचं किमान सहा हजार पायदळ पेशव्याकडे राहणार आणि त्यासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख पेशव्याने तोडून द्यायचा. हे कलम वाचताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “म्हणजे सर, त्यांच्या फौजेचा पगार आपणच द्यायचा?”

द्यायचाही नव्हता. मुलूखच हातात आल्यावर कंपनी तो स्वतः वसूल करणार होती.