घरविक्री आणि संमतीचा प्रश्न

घर विकत घेणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला दिला जाणारा सल्ला बहुधा भाव, कर्ज, मुद्रांक शुल्क आणि दस्तनोंदणी यांपाशी थांबतो. परंतु ज्या व्यवहारात माणसे आयुष्याची पुंजी घालतात त्याच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: जमीन आणि तिच्यावर उभे असलेले घर ही माणसाला विकता येण्याजोगी वस्तू आहे काय, आणि असल्यास तो अधिकार एकट्या मालकाच्या सहीने पुरा होतो काय? नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पोथीतला राहत नाही. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा व नवापूर हे संपूर्ण तालुके आणि शहादा व नंदुरबार तालुक्यांचे काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि तेथे जमिनीच्या प्रत्येक खरेदीखतामागे हा प्रश्न उभा असतो.

पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक विधींच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र असलेल्या दर्शनाने, त्याची चर्चा विश्वजित यागाच्या निमित्ताने केली आहे. या यागात यजमानाने आपले सर्वस्व दान करावयाचे असते, आणि त्यामुळे ‘सर्वस्व’ या शब्दात काय काय येते हे ठरवणे भाग पडते. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायातील निर्णय असा की आईबाप दान देता येत नाहीत, कारण त्यांच्यावर यजमानाची मालकी नसते, आणि सार्वभौम राजा असला तरी त्याला पृथ्वीही देता येत नाही, कारण ती सर्वांना सारखीच आहे. पुढे सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील काशीस्थ पंडित नीलकंठ याने ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथात हा विचार व्यवहारात उतरवला: देश जिंकल्याने राजाला कराचा हक्क मिळतो, शेते आणि घरे मात्र ज्याची त्याचीच राहतात. या दोन मतांचा मेळ घातला की दिसते ते असे, की माणसाची मालकी खरी आहे, पण ती कोणा एकाच्या नसलेल्या भूमीवर उभी आहे, आणि म्हणून ती हस्तांतरित करताना इतरांना विचारावे लागते.

कोणाला विचारायचे, याचे सर्वांत नेमके उत्तर ‘मिताक्षरा’ या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेत सापडते. तिचा कर्ता विज्ञानेश्वर हा कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथील चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कारकीर्द 1076 ते 1126) याच्या आश्रयाला होता, आणि महाराष्ट्रातील हिंदू कायद्यावर त्याच्या ग्रंथाचा ठसा विसाव्या शतकापर्यंत टिकला. त्याने दिलेल्या परंपरेनुसार जमीन सहा गोष्टींनी दुसऱ्याकडे जाते: गावाची, भाऊबंदांची, शेजाऱ्यांची आणि वारसांची संमती, तसेच सोने आणि पाणी यांचे दान. शेवटच्या दोन अटींचे कारण विलक्षण आहे. स्थावराची विक्री निंद्य मानलेली असल्यामुळे, विकणे अटळच असेल तर तेही सोन्यासह पाणी सोडून, दानाच्या रूपात करावे, असे तो सांगतो. भाऊबंदांच्या संमतीने वाटणी झाली होती की नाही हा संशय मिटतो आणि शेजाऱ्यांच्या संमतीने हद्दीचा वाद टळतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. गावाच्या संमतीचे महत्त्व मात्र त्याने व्यवहार उघडपणे व्हावा एवढ्यापुरतेच धरले आहे. तिच्यावाचून व्यवहार असिद्ध ठरतो असे तो मानत नाही. येथे त्याने गावाला जरा कमी लेखले असे म्हणावे लागते, आणि नंदुरबारचा इतिहास त्याची साक्ष देतो.

शहादा आणि तळोदा तालुक्यांच्या सपाटीवरील काळ्या जमिनी भिल्ल कुटुंबांच्या हातून गेल्या त्या बहुतांशी कर्जापायी. कागद होता, अंगठाही होता, म्हणजे बाह्यतः संमती होती. पण पेरणीपूर्वी घेतलेल्या धान्याची दामदुपटीने फेड करणाऱ्याचा अंगठा हा स्वतंत्र माणसाचा होकार मानता येत नाही. भिल्ल समाजातील कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांचे कार्य आणि 1972 साली शहाद्यात उभी राहिलेली श्रमिक संघटना यांनी हा मुद्दा रस्त्यावर मांडला. 1974 साली महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 36-अ आले, आणि आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या, बहुतेक प्रकारच्या हस्तांतरांत शासनाच्याही, पूर्वसंमतीवाचून बिगर-आदिवासीकडे जाण्यास मनाई झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी परत करण्याची तरतूद केली, आणि लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली ती वैध ठरवली. पुढे 1996 च्या ‘पेसा’ कायद्याने, म्हणजे पंचायत व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या कायद्याने, जमिनीचे बेकायदा हस्तांतर रोखण्याचा आणि गेलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींपर्यंत नेला. विज्ञानेश्वराने केवळ प्रसिद्धीपुरती ठेवलेली गावाची संमती अशी नऊ शतकांनंतर बळकट झाली.

म्हणून या जिल्ह्यात भूखंड किंवा घर घेणाऱ्याने सातबारा आणि फेरफार, म्हणजे मालकी कशी बदलत आली याची नोंदवही, मागे जाऊन वाचणे ही निव्वळ सावधगिरी नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. आदिवासी गड्याच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या नावावर जमीन घेऊन ताबा स्वतःकडे ठेवणे हा कायद्याचा भंग तर आहेच, पण त्याहून मोठा दोष असा की ज्याचे नाव वापरले त्याच्या संमतीलाच तेथे विक्रीची वस्तू बनवले जाते. वर्तमानपत्रात येणारी जाहीर नोटीसही याच दृष्टीने पाहावी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर विकण्यापूर्वी शेजारच्या चाळीस कुळांसमोर ते पुकारावे आणि भाऊबंद, शेजारी व सावकार यांना क्रमाने खरेदीची पहिली संधी द्यावी असा नियम आहे. आजची नोटीस पुष्कळदा कोणाच्या नजरेस पडू नये अशा कोपऱ्यात छापली जाते, तेव्हा विधी उरतो आणि त्यातला धर्म जातो.

सातपुड्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पावरा आणि भिल्ल पाड्यांतील घरे शेताशेतांत विखुरलेली असतात. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर कौले. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावे आली तेव्हा अनेक कुटुंबांनी घर उकलून खांब आणि कौले नव्या वसाहतीत नेली. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्याने जमीनधारक कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन आणि घरासाठी 60 फूट बाय 90 फूट जागा ठरवली होती, आणि पैशाऐवजी जमिनीला जमीन हे तत्त्व त्या काळी पुढचे पाऊल होते. तरीही गावदेव, वाघदेवाचे ठिकाण आणि पूर्वजांची जागा यांना मोजमापच नसल्यामुळे ती कोणत्याही रकान्यात बसली नाहीत. तेथे लाकूडफाटा हलला आणि घर ज्या नात्यांनी घर होते ती नाती पाण्याखाली गेली. मोबदल्याला विक्रीची किंमत मानणारा विचार या ठिकाणी अपुरा पडतो.

वास्तुशांतीचा विधीही याच जाणिवेतून समजतो. मत्स्यपुराणातील कथेनुसार देवांनी भूमीवर दाबून धरलेला वास्तुपुरुष हा घराच्या जागेचा आधीचा रहिवासी आहे, आणि त्याची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरून कुटुंब त्याच्याकडून राहण्याची मुभा मागते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त लाकडासाठी झाड तोडण्यापूर्वी त्यावर राहणाऱ्या भूतांना नैवेद्य देऊन अन्यत्र जाण्याची विनंती करण्यास सांगितले आहे. घर विकणारे कुटुंब देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे कुलदेवतेच्या धातूच्या प्रतिमा, सोबत नेते. पुरलेली वास्तू मात्र जागेवरच राहते, आणि नवा मालक बहुधा उदकशांत करून तिच्या सोबतीने राहू लागतो. अदृश्य रहिवाशाची परवानगी मागणाऱ्या याच कुटुंबाने दृश्य हक्कदारांना, म्हणजे वाटेचा हक्क असलेल्या शेजाऱ्याला किंवा मागच्या खोलीत राहणाऱ्या विधवा काकूला, विचारू नये ही विसंगती गंभीर आहे.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने, खरेदीदाराला सहज दिसणार नाही असा मालमत्तेतील किंवा हक्कातील मोठा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे. मुलींच्या वाट्याच्या बाबतीत हे बंधन सर्वांत जास्त पाळावयास हवे आणि सर्वांत कमी पाळले जाते. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, परंतु हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि रूढी दाखवून आदिवासी मुलींना दूर ठेवले जाई. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल तर आदिवासी स्त्रीच्या वारसांनाही समान वाटा मिळावा, असा निर्णय दिला. त्यामुळे ज्या उताऱ्यावर केवळ भावांची नावे आहेत तेथे बहिणी किती, त्या कोठे नांदतात आणि त्यांनी हक्क सोडला असेल तर तो कोणाच्या दबावाखाली नाही ना, हे इसार देण्यापूर्वी विचारण्याचे ओझे आता खरेदीदाराच्याही खांद्यावर आहे.