पहिला झुरका कोण देतो?

सिगारेटने कर्करोग होतो, हे विद्यापीठातल्या कुणालाही नव्याने सांगावे लागत नाही. २०१६पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने व्यापलेला असतो. पण बहुतेकांची सुरुवात पाकीट विकत घेऊन होत नाही. ती होते मित्राने पुढे केलेल्या पेटत्या सिगारेटने.

कॉलेजजवळच्या टपरीवर संध्याकाळी पाहा. दोरीने टांगलेला लायटर, चार कटिंग आणि चौघांत फिरणारी एकच सिगारेट. तालुक्याच्या गावाहून आलेला नवा मुलगा तिथे सिनियरांच्या घोळक्यात उभा असतो. नोट्स, परीक्षेच्या खबरा, नोकरीची माहिती, सगळे इथेच मिळते. "एक कश मार रे, काही होत नाही," असे कुणी म्हणाले, की नकार देताना त्याला एकटे पडण्याची भीती वाटते. त्याला हवी असते सोबत. गळ्यात पडते व्यसन.

मुलींच्या बाबतीत हाच दबाव मोकळेपणाचे नाव घेऊन येतो. १९२९मध्ये एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींच्या हाती सिगारेट देऊन तिला 'स्वातंत्र्याची मशाल' म्हणवले. त्यामागे पैसा तंबाखू कंपनीचा होता. मुलाला सूट आणि मुलीला बोल, हा दुटप्पीपणा मोडायलाच हवा; पण तो दोघांनी मिळून फुप्फुसे जाळल्याने मोडत नाही.

"हा ज्याचा त्याचा प्रश्न," असे म्हणून आपण हात झटकतो. पण निकोटीनची सवय जडली, की निवड कुठे उरते? शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राने २०२०मध्ये सुट्या सिगारेटच्या विक्रीवरही बंदी घातली. कायद्याची अंमलबजावणी झालीच पाहिजे. मात्र कायदा टपरी हटवू शकतो, दोस्तीतला आग्रह नाही.

तो आपणच थांबवायचा आहे. सिनियरांनो, स्वतःची सवय आज सुटत नसेल, तरी ती ज्युनियरच्या हाती देऊ नका. न ओढणाऱ्यांनो, नकार देणाऱ्याच्या बाजूने त्याच घोळक्यात बोला. तुमच्या गप्प राहण्याने तो एकटा पडतो. प्राध्यापकांनो, विद्यार्थ्यांसमोर पेटवू नका. आणि संस्थाचालकांनो, संध्याकाळनंतरही मुलांना बसायला, बोलायला आवारात जागा द्या. मैत्रीसाठी व्यसनाची फी भरावी लागणार नाही, एवढी हमी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मिळालीच पाहिजे.