फोटो काढण्याआधी विचारा

एक्स-रेबद्दल आपल्याकडे दोन टोकाच्या समजुती आहेत. काहींना वाटतं, फोटो काढल्याशिवाय दुखणं कळतच नाही. नुसतं तपासून गोळ्या देणारा डॉक्टर त्यांना कच्चा वाटतो. काहींना वाटतं, त्या खोलीत गेलं की किरण अंगात भिनतात ते कायमचे. सातारा जिल्ह्यातल्या जावळीत, मेढ्याच्या बाजाराला आलेल्या दहा जणांना विचारलं, तर दोन्ही उत्तरं ऐकायला मिळतील. दोन्ही चुकीची आहेत, आणि न विचारण्याच्या सवयीवरच दोन्ही पोसली गेली आहेत.

यंत्र समजायला अवघड नाही. निर्वात नळीत एक तार तापते, तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या दाबाने टंगस्टनवर आदळतात. जवळपास ९९ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते, उरलेल्या जेमतेम एका टक्क्याचे क्ष-किरण होतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसेच हे किरणही राहत नाहीत. मात्र शरीरातून जाताना ते पेशींना इजा करू शकतात, म्हणून मात्रेचा हिशेब ठेवायचा. छातीच्या एका फोटोत ही मात्रा साधारण ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. तेव्हा दोन आठवडे खोकला असताना किरणांच्या भीतीने फोटो टाळणं म्हणजे क्षयरोग अंगावर काढणं. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र हीच मात्रा आठ-दहा मिलिसीव्हर्टपर्यंत जाते. तिथे ‘होऊन जाऊ दे एकदा’ म्हणणं बरं नव्हे.

जावळीतले कितीतरी पुरुष मुंबईत माथाडी म्हणून राबले. पोती वाहून कंबर धरली की एक फोटो मुंबईत, गावी आल्यावर दुसरा मेढ्यात, मग साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे तिसरा. पहिली फिल्म खोलीतल्या माळ्यावर धूळ खात पडलेली. ती जपून ठेवणं हे रुग्णाचं काम आणि ती मागणं हे डॉक्टरांचं. उपचार ज्याने बदलणार नाही, तो फोटो काढूच नये. त्यात पैसाही जातो आणि किरणही फुकट सोसावे लागतात.

सर्वांत मोठा घात संकोच करतो. सुनेची पाळी चुकलेली असते, पण शेजारी सासरे बसलेले. ती गप्प राहते आणि पोटाच्या फोटोसाठी आत जाते. ‘गरोदर स्त्रियांनी आधी सांगावे’ असा बोर्ड भिंतीवर लावला म्हणजे जबाबदारी संपली, असं कुणी समजू नये. तिला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं पाहिजे, आणि घरच्यांनी तिला बोलायला मोकळीक दिली पाहिजे. रडणाऱ्या मुलाला धरायला आईलाच आत पाठवायची रीत असते. तिला दिवस गेले असण्याची शक्यता असेल, तर बापाने किंवा काकाने एप्रन घालून आत जावं.

या खोलीत रोज उभं राहणाऱ्या टेक्निशियनचा विचार तर आपण करतच नाही. त्याच्या छातीवरच्या बॅजमध्ये तीन छोट्या चकत्या असतात. अंगावर पडलेल्या किरणांची नोंद त्या साठवतात आणि ठरावीक मुदतीने ती वाचली जाते. हा बॅज एप्रनच्या आत घालायचा. खिळ्याला टांगलेला बॅज खिळ्याचीच मात्रा सांगणार! शिशाच्या एप्रनचंही तसंच. तो हँगरला लावायचा; घडी घालून कोपऱ्यात टाकला, तर आतल्या थराला भेगा पडतात आणि वरून काही दिसत नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे. कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. सामान्य माणसासाठी ती १ मिलिसीव्हर्ट आहे. रुग्णाच्या स्वतःच्या तपासणीला ती लागू नाही. म्हणून तर तिथे डॉक्टरांच्या विवेकाची गरज अधिक. यंत्राला परवाना आहे का, त्याची तपासणी वेळेवर होते का, हे विचारण्याचा अधिकार गावाला आहे.

हा सातारा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा. त्यांनी लोकांना बुवाला प्रश्न विचारायला शिकवलं. तोच प्रश्न आदराने डॉक्टरांनाही विचारता आला पाहिजे: हा फोटो कशासाठी? जुना चालेल का? त्याऐवजी सोनोग्राफीने भागेल का? ‘तुम्हाला काय कळतंय’ असं उत्तर देणाऱ्या डॉक्टरने विज्ञानाशीच प्रतारणा केली, असं मी मानतो. आणि विचारायला लाजणाऱ्या रुग्णाने आपल्या देहाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकली. आशाताईंच्या बैठकीत, शाळेच्या विज्ञानाच्या तासाला, ग्रामसभेत हे तीन प्रश्न पाठ करून घ्या. त्यांना खर्च नाही, परवाना लागत नाही. लागतं ते फक्त तोंड उघडण्याचं धैर्य.