केसपेपरवरचे गुपित

सरकारी रुग्णालयात एक केसपेपर किती हातांतून जातो ते पाहावे. नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून, दारातला शिपाई, डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आणि शेवटी औषधांची खिडकी. तिथे गोळ्या कशाच्या, हे मागच्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले जाते. निदान लिहिलेला तो कागद २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतच नाही, कारण हा कायदा डिजिटल स्वरूपातल्या किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीपुरता आहे. जी माहिती कक्षेत येते, तिचीही या कायद्याने पायरी उतरवली. २०११च्या नियमांत आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा होता. कंपनीच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले तर भरपाई मागण्याची सोय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ ने केली. नव्या कायद्यात मोबाइल क्रमांक आणि मनोविकाराचा अहवाल एकाच पारड्यात आहेत, आणि ४३अ वगळण्याची तरतूदही त्यातच आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो जाणार सरकारी तिजोरीत. ज्याचे लग्न मोडले किंवा नोकरी गेली, त्याला त्यातून छदामही नाही.

लग्न मोडण्याचे उदाहरण कल्पनेतले नाही. रक्ततपासणीत एचआयव्हीबाधित आढळलेल्या एका डॉक्टरची माहिती रुग्णालयाने बाहेर सांगितली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. त्याने मागितलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नाकारली. वधूचा जीव धोक्यात असताना गोपनीयता मागे पडते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. गोपनीयतेविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप आजही हाच आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण धोका वधूला असेल तर सांगायचे वधूला, गावाला कशासाठी? हा फरक तेव्हा नीट झाला नाही. तो पुढे २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने केला. जोडीदाराला खरोखर धोका आहे, समुपदेशन करूनही रुग्ण स्वतः सांगणार नाही अशी खात्री पटली आहे, आणि आपण सांगणार आहोत याची रुग्णाला आधी कल्पना दिली आहे, एवढे झाल्यावरच डॉक्टरला जोडीदाराशी बोलता येते. तेही समोरासमोर आणि समुपदेशनासह. बाधित स्त्रीला घरात मारहाणीची भीती असेल, तर जोडीदाराला सांगण्याचे बंधन तिच्यावर नाही. घरात काय घडते हे ठाऊक असलेल्या माणसांनीच हे कलम लिहिले असावे.

साथीच्या काळात अशा नाजूक हिशेबाला वेळ नसतो, असे सांगितले जाते. करोनाच्या पहिल्या महिन्यांत महाराष्ट्रात गृहविलगीकरणातल्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, अनेक राज्यांत दारांवर फलक लागले. आरोग्य यंत्रणेला माहिती हवी हे मान्यच, पण शेजाऱ्याला ती दिल्याने संसर्ग थांबतो याचा पुरावा कुठे होता? आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय फलक लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये सांगितले. तोवर ज्यांची शोभा व्हायची ती होऊन गेली होती. बदनामीची धास्ती घेतलेला माणूस तपासणीलाच येत नाही, आणि न आलेला रुग्ण कुठल्याच नोंदवहीत सापडत नाही. साथ आटोक्यात आणणाऱ्यालाच गोपनीयता सर्वांत जास्त हवी असते.

उरतो खर्चाचा आक्षेप: तालुक्याच्या गावातल्या दोन खोल्यांच्या दवाखान्याने हे सगळे कसे पेलावे? संगणकाची तटबंदी त्याला महाग पडेल, हे खरे. पण नावाऐवजी क्रमांक पुकारणे, तपासणीच्या टेबलापुढे पडदा ओढणे आणि रुग्णाला विचारल्याशिवाय अहवाल नातेवाइकाच्या हाती न देणे याला किती पैसे पडतात? रुग्णाची गुपिते राखण्याचे बंधन तर डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेतही आहे. आणि तटबंदीवर पैसा ओतला म्हणजे भागले असेही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाले तेव्हा देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने नोंदी कराव्या लागल्या. ‘आभा’ या चौदा अंकी आरोग्य-ओळख क्रमांकाशी दवाखान्याच्या नोंदी जोडल्या जात असताना आरोग्याच्या माहितीला तिचा वेगळा दर्जा परत मिळायला हवा, कागदही कायद्याखाली यायला हवा आणि दंडातला वाटा आधी त्या रुग्णाच्या हाती पडायला हवा.